निरंक

१

हातोडीच्या तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं, झाकण उघडलं, आणि तक्रारपेटी आतून कोरी करकरीत निघाली. एक चिठ्ठी नाही, एक कपटासुद्धा नाही.

कोष्टीटोल्याच्या अभ्यासिकेसमोर शंभरेक माणसं उभी होती.

पंधरा मिनिटांपूर्वी हीच माणसं आत खुर्च्यांवर बसून पोलिसांचं वर्षभराचं काम ऐकत होती. जानेवारीतल्या पोलीस सप्ताहाची ती नागरिक सभा. कोष्टीटोला ठाण्याची उपनिरीक्षक सरिता मेश्राम पडद्यावर एकेक आकडा दाखवत होती. शाळांना भेटी एकोणतीस, शांतता समितीच्या बैठका बारा, हरवलेले मोबाईल परत केले सत्तावन्न. जनसंपर्काचं काम सरिताकडे होतं आणि ते तिने जीव ओतून केलं होतं, असं तिचं स्वतःचं मत होतं. आयुक्तालयाची उत्कृष्ट जनसंपर्काची ढाल या वर्षी ह्याच ठाण्याला मिळणार, असं ठाणेदार साहेबांनी सकाळीच तिच्या कानावर घातलं होतं.

शेवटची ओळ तिने जरा आवाज चढवून वाचली. "आणि अभ्यासिकेबाहेरची तक्रारपेटी. वर्षभरात आलेल्या तक्रारी, निरंक. म्हणजे एकही नाही. हा तुमचा आमच्यावरचा विश्वास आहे."

टाळ्या सुरू झाल्या, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. कौसल्याबाई रामटेके. चार घरी स्वयंपाकाला जाणारी, कधी कोणाच्या अध्यातमध्यात नसणारी बाई.

"निरंक कसं म्हणता मॅडम? मी तीन चिठ्ठ्या टाकल्या. माह्या हातानं टाकल्या."

"माही बी एक होती," कोणीतरी म्हणालं. मग आणखी एक हात वर झाला. मग चार-पाच.

सरिताला वाटलं, आत्ताच्या आत्ता पेटी उघडून दाखवली की विषय मिटेल. बीट हवालदार अंकुश ठवरेने किल्ली आणली, पण गंजलेल्या कुलपात ती जाईचना. शेवटी हातोडी मागवावी लागली.

आणि आता पेटी रिकामी होती. सरिताने सुटकेचा निःश्वास सोडला, तो कौसल्याबाईंकडे नजर जाईपर्यंतच.

म्हातारी पेटीत वाकून पाहत होती. ती चिडली नव्हती. तिने फक्त पदराने तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "मंग माह्या नातीच्या चिठ्ठ्या खाल्ल्या कोनं?"

२

लोक पांगले. सरिताने अंकुशला पेटीपाशीच थांबवून घेतलं.

"ठवरे, शेवटची कधी उघडली होती?"

अंकुश बुटाच्या टोकाने माती उकरू लागला. "मार्च महिन्यात, मॅडम."

"गेल्या मार्चमध्ये? आणि दर महिन्याचा निरंक अहवाल?"

"मार्चात काही निघालं नाई. मंग बंदोबस्त लागला, निवडणुकीची ड्यूटी आली. पावसाळ्यात कुलूप जाम झालं. मी लिहून देत राहिलो, निरंक, निरंक." तो क्षणभर थांबला. "अन् तुम्ही सही करत राहिल्या."

शेवटचं वाक्य त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, खरं तेच सांगितलं होतं. सरिताच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पेटी आहे त्या भिंतीपाशी येऊन एकदा ते कुलूप हलवून बघावं, हे वर्षभरात तिला एकदाही सुचलं नव्हतं.

लाज गिळून तिने पेटी निरखायला घेतली. मार्चपासून न उघडलेली पेटी, तर तिच्यात धूळ हवी, कोळ्याची जाळी हवीत. आत तर बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. म्हणजे कुलूप बंदच होतं, पण पेटी उघडली जात होती.

पेटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कान होते, प्रत्येकात दोन स्क्रू. पेटीचा पत्रा गंजून लाल झाला होता आणि चारही स्क्रू मात्र स्वच्छ होते. सरिताने एकावर बोट टेकवलं. बोटाला तेल लागलं.

अंकुशने खिशातल्या चाकूच्या पात्याने स्क्रू फिरवला, तर तो लोण्यासारखा फिरला. चारही निघाले. पेटी हातात आली, आणि तिचा मागचा पत्रा नुसता वर सरकवताच निघाला.

"हे तुम्हाला माहीत होतं, ठवरे?"

"पेटी भिंतीवर बसवली तेव्हा पाहिलं होतं."

"तेव्हा इथे कोण कोण होतं?"

"मी होतो. चंपतरावजी होते, नारळ त्याहीनंच फोडला. अभ्यासिका चालवणारे धम्मानंद सर होते. अन् ते लहानूजी पराते, शिलाई मशीन दुरुस्त करतात ते. स्क्रू पिळायले त्याहीलेच बोलावलं होतं."

चार माणसं. भिंतीवर लागल्यावर पेटीची पाठ कशी निघते हे बाहेरून कळणं शक्यच नव्हतं. त्या चौघांपैकीच कोणीतरी चिठ्ठ्या काढत होतं, आणि एकदा नाही, पुन्हापुन्हा. कारण पुन्हा यायचं असेल तरच माणूस स्क्रूला तेल लावतो.

"मॅडम," अंकुश दबक्या आवाजात म्हणाला, "एक बोलू? कौसल्याबाईची तक्रार कोनाच्या विरोधात असन, ते मले माहीत आहे."

३

अंकुशने नाव घेतलं ते चंपतरावांच्या घरचं. चंपतराव शांतता समितीचे सर्वात जुने सदस्य. ठाण्याचा कोणताही कार्यक्रम असो, पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची त्यांची. सरिता त्यांच्या घरी पोचली तेव्हा ते ओसरीवर पेपर वाचत होते.

"या मॅडम, या. काय तमाशा करून ठेवला त्या म्हातारीनं! अहो, पेटीबिटीची गरजच काय? वस्तीत मी आहे ना. त्या पोरीचं प्रकरण मी केव्हाच मिटवलं असतं."

"कुठल्या पोरीचं?"

चंपतरावांच्या हातातला पेपर खाली आला.

"सभेत कौसल्याबाई चिठ्ठ्यांबद्दल बोलल्या," सरिता म्हणाली. "नातीच्या चिठ्ठ्या म्हणाल्या, त्या बाहेर, पेटीपाशी. तेव्हा तुम्ही निघून गेला होतात. चिठ्ठीत काय आहे हे तर तिथेही कोणी बोललं नाही. तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग एकेक शब्द बाहेर आला. त्यांचा पुतण्या सुशील ऋतुजाच्या, म्हणजे कौसल्याबाईंच्या नातीच्या, मागे लागला होता. ती पोलीस भरतीसाठी सकाळी मैदानावर धावायला जायची, हा मोटारसायकल घेऊन मागे. सप्टेंबरात म्हातारी त्यांच्या दारात आली होती.

"मी पोराले समजावलं. अन् तिले म्हणलं, पोरीचं नाव खराब होईन, गप राहा."

"म्हणून पेटीतल्या चिठ्ठ्या काढल्यात?"

"चिठ्ठ्या? छे!" ते खरोखरच दचकले. "ती पेटीत लिहून टाकते हे मले आज समजलं."

सरिता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. माणूस भित्रा होता, स्वार्थी होता. पण त्याने चोरल्या असत्या तर कौसल्याबाईंच्या तेवढ्या चोरल्या असत्या. बाकीच्यांच्या, नळाच्या, नालीच्या, कुत्र्यांच्या असतील त्या चिठ्ठ्या नेऊन त्याला काय करायचं होतं? पेटीत तर काहीच उरलं नव्हतं.

तिथून ती कौसल्याबाईंच्या घरी गेली. दार एका सडपातळ मुलीने उघडलं. एकोणीस-वीस वर्षांची असेल.

"ऋतुजा ना? त्या चिठ्ठ्यांमध्ये काय लिहिलं होतं, ते मला—"

"आजीला लिहिता येत नाही. तिन्ही मीच लिहिल्या," ऋतुजा म्हणाली. "तिसरी तर तुमच्या नावाने होती, मॅडम. वाचली असती तर आज विचारत आल्या नसत्या."

"मला मिळाली नाही गं. कोणीतरी—"

"डिसेंबरात भरतीचे अर्ज होते. मी भरला नाही. धावणंही सोडलं." तिचा आवाज चढला नाही. "ज्या ठाण्यात माझी चिठ्ठी कोणी वाचत नाही, तिथे नोकरीला जाऊन मी काय करू?"

दार बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज सरिताने ऐकला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अभ्यासिकेत आली तेव्हा धम्मानंद गजभिये फळ्यावर गणित मांडत होते. त्यांनी मुलांना उदाहरण दिलं आणि बाहेर आले.

"माझ्यावर संशय आहे का?"

"चौघांवर आहे. सर, ही भिंत कधी रंगवली?"

"ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी. मी आणि मुलांनीच रंगवली."

"पेटी काढून?"

"नाही हो, ती निघते कुठे? चारी बाजूंनी ब्रश फिरवला झालं."

सरिताने भिंतीवरच्या चौकोनाकडे पाहिलं. जिथे पेटी होती तिथे जुना पिवळा रंग, भोवती नवा निळा. ब्रश पेटीच्या कडेवरही चढला होता, आणि तो निळा थर काल स्क्रू काढण्याआधीच कडेला चिरलेला तिने पाहिला होता. म्हणजे ऑक्टोबरनंतरही पेटी भिंतीवरून निघाली होती. आणि ती काढता येते हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्याने रंगवताना ती काढूनच रंगवलं असतं. धम्मानंद सर पेटीची पाठ कधीच विसरून गेले होते.

अंकुश? त्याला चिठ्ठ्या नकोशा होत्या, हे खरं. पण पेटी न उघडण्यानेच त्याचं काम भागत होतं. स्क्रू काढण्याचे कष्ट घेणारा माणूस तो नव्हता.

"सर, सकाळी अभ्यासिका कोण उघडतं?"

"लहानूजी. मी आठला येतो, ते सहालाच झाडून काढतात. फुकट. हातमाग बंद पडल्यापासून इथेच ओट्यावर बसतात."

ओट्याच्या टोकाला एक म्हातारा शिलाई मशीन उलटी करून बसला होता. बाजूला स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस, आणि लांब नळीची तेलाची डबी. सरिता त्याच्यासमोर बसली. तिने ती डबी उचलली, एक थेंब बोटावर घेतला आणि वास घेतला. काल स्क्रूवर बोट टेकवलं तेव्हा हाच वास आला होता.

"लहानूजी, चिठ्ठ्या तुम्ही काढल्यात."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. चाक पुसता पुसता तो म्हणाला, "हो. मीच काढल्या. दर महिन्याले."

"काहून?" तिच्या तोंडून एकदम घरचाच शब्द निघाला.

"पावसाळ्यात पेटी भरून गेली होती, मॅडम. चिठ्ठ्या फटीतून बाहेर येऊन राहिल्या होत्या, भिजून राहिल्या होत्या. लोकायनं मनातलं लिहिलेलं, अन् ते रस्त्यावर पडन. बरं दिसते का? किल्ली घेऊन कोनी येईना. मंग मीच स्क्रू काढले."

"आणि वाचल्यात?"

"एकही नाई." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला. "माहं नाव होतं का त्याच्यावर?"

"मग त्या गेल्या कुठे, लहानूजी?"

म्हातारा गोंधळला. तिच्या चेहऱ्याकडे असा पाहू लागला, जणू तीच त्याची थट्टा करत होती.

"असं काय विचारता मॅडम? त्या तुमच्यापाशीच तर आहेत."

५

सरिता तडक ठाण्यात आली. तिने आवक नोंदवही मागितली, ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक कागदाची जिच्यात नोंद होते ती. जूनचं पान काढलं.

'एक बंद लिफाफा. देणार : लहानू पराते. विषय : कोष्टीटोला पेटी. कोणाकडे : जनसंपर्क.' शेवटच्या रकान्यात मिळाल्याची सही. वळणदार 'स', खाली दोन टिंबं.

सही तिचीच होती.

जुलै, तीच सही. ऑगस्ट, सप्टेंबर. डिसेंबरपर्यंत सात लिफाफे आणि सात सह्या.

आता तिला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. महिन्याच्या सुरुवातीला टेबलावर एक खाकी लिफाफा यायचा. वर लिहिलेलं असायचं 'कोष्टीटोला पेटी'. अंकुशचा निरंक अहवाल असेल, दुसरं काय असणार, असं समजून ती तो कपाटात वार्षिक अहवालाच्या गठ्ठ्यावर ठेवायची. एकदा एक म्हातारा दारात उभा होता. "मॅडम, ते मिळालं का?" असं काहीतरी विचारत होता. ती शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो निवडत होती. "मिळालं बाबा, मिळालं, बघते," असं ती मान न उचलता म्हणाली होती.

कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला होती. लिफाफे एकावर एक नीट ठेवलेले होते. सातही बंद. डिंक तसाच.

दार लावून तिने ते उघडले. चौतीस चिठ्ठ्या निघाल्या. काही पावसाने फुगलेल्या, काही वहीच्या पानावर. नालीच्या, दारुड्यांच्या, सुनेला मारणाऱ्या एका घराच्या. नोव्हेंबरच्या लिफाफ्यात एक रेघांचा कागद होता.

'मॅडम, तुम्ही अभ्यासिकेत आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, बोलायची भीती वाटली तर पेटीत लिहा, मी स्वतः वाचीन. आधी आजीच्या नावाने दोन लिहिल्या. ही माझ्या नावाने लिहीत आहे. तो आता क्लासपर्यंत येतो. काल माझी ओढणी ओढली. आजीला हे सांगितलं नाही. तुम्हालाच सांगत आहे. ऋतुजा रामटेके.'

सरिताने कागद खाली ठेवला. चोर सापडला होता. तिच्याच खुर्चीत बसून तो ऋतुजाचा कागद वाचत होता.

दारावर टकटक झाली. अंकुश आत आला, टेबलाकडे त्याने पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

"मॅडम," तो दार ओढून घेत म्हणाला, "पेटी रिकामी होती, हे शंभर लोकायनं पाहिलं. हे कोनीच पाहिलं नाई."

६

ठाणेदार देशकर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त ढालीसाठी शुक्रवारी होणारी तपासणी दिसत होती.

"ऋतुजाचा गुन्हा आज दाखल करा. त्या सुशीलला उचला. पण तक्रार आज आली असं दाखवा. आणि पेटीचं म्हणाल, तर पराते नावाच्या इसमाने सरकारी पेटीचे स्क्रू काढले, हे तर तो कबूलच करतो आहे ना?"

"सर, त्यांनी चिठ्ठ्या काढल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या."

"मेश्राम, मी तुमच्यासाठीच बोलतो आहे. चौकशी लागेल. बढती जवळ आली आहे तुमची."

सरिता उभी राहिली. एक क्षणभर, अगदी खरं सांगायचं तर एका क्षणापेक्षा जास्तच वेळ, तिला ते पटलं. म्हाताऱ्याला समज देऊन सोडता आलं असतं. कोणाचंच फारसं बिघडलं नसतं. मग तिला स्वतःच्याच ह्या हिशेबाची अशी शिसारी आली की ती सलाम ठोकून बाहेर पडली.

लहानूजी अजून ओट्यावरच होते. तिने विचारलं, "काल सभेत तुम्ही मागे बसला होतात. पेटी रिकामी निघाली तेव्हा बोलला का नाहीत?"

"सरकारी पेटीचे स्क्रू काढले, म्हणून भीती होती. अन् मले वाटलं, तुमचा तपास चालू असन, पोलिसाचं काम गुपचूप राहते." म्हातारा थांबला. "मंग तुमच्या तोंडाकडं पाहिलं, तर शंका आली, तुम्हालेच माहीत नसन तं? चार लोकांत तुमची मान खाली झाली असती. बाईमाणसाले कसं म्हणावं ते?"

सरिताला तिथे बसवेना. ह्या माणसावर ती सकाळी चोर म्हणून चालून गेली होती.

संध्याकाळ होण्याआधी ती कौसल्याबाईंच्या दारात उभी होती. हातात चौतीसपैकी तीन चिठ्ठ्या आणि फिर्यादीचा नमुना. या वेळी दार कौसल्याबाईंनी उघडलं.

"सापडल्या," सरिता म्हणाली. "कोणी खाल्ल्या नव्हत्या. माझ्या कपाटात होत्या. सात महिने मी लिफाफे उघडलेच नाहीत."

म्हातारीने शिवी दिली असती तर सरिताला हलकं वाटलं असतं. ती फक्त बाजूला सरकली, आणि आतली ऋतुजा दिसली.

"तू सांगशील तर मी लिहून घेते. नाही सांगितलंस तरी मी समजू शकते."

"तुम्ही काय समजणार," ऋतुजा म्हणाली. पण ती चटईवर येऊन बसली.

सरिताही समोर बसली. तासभर ती मुलगी सांगत राहिली आणि सरिता लिहीत राहिली. गाडीचा नंबर, मैदानाचं फाटक, ओढणी. ओढणीचं ऐकताना कौसल्याबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना ते आजच कळत होतं.

सगळं लिहून झालं, तेव्हा नमुन्यातला एक रकाना रिकामा राहिला होता. 'तक्रार देण्यास उशीर झाल्याचे कारण.' सरिताने आजवर हा रकाना शेकडो वेळा भरला होता. 'बदनामीच्या भीतीने.' 'घरच्यांशी विचारविनिमय करून.' उशीर नेहमी तक्रार देणाऱ्याचाच असायचा.

"तिथे काय लिहिता?" ऋतुजाने विचारलं.

सरिताने पेन टेकवलं आणि लिहिलं. 'तक्रारदाराकडून उशीर झालेला नाही. तिने व तिच्या आजीने ऑगस्ट, सप्टेंबर व नोव्हेंबरमध्ये लेखी कळवले होते. ते अर्ज लहानू पराते यांनी स्वतःहून ठाण्यात पोचवले. मी ते सही करून घेतले, न वाचता कपाटात ठेवले व पेटीचा अहवाल निरंक दिला. सरिता मेश्राम, पोलीस उपनिरीक्षक.'

तिने कागद ऋतुजाकडे सरकवला. ऋतुजाने तो एकदा वाचला, मग आजीला मोठ्याने वाचून दाखवला, एकेक शब्द सावकाश. त्या बारा बाय दहाच्या खोलीत आपलं नाव आणि आपली करणी दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना सरिताला डोळे कुठे ठेवावेत ते कळेना. तिने ते ऋतुजाकडेच ठेवले.

वाचून झाल्यावर ऋतुजाने पेन मागितलं आणि खाली सही केली.

"एक प्रत मला द्या," ती म्हणाली. "आत्ताच. नंतर नको."